कानाच्या आतली खूण

हिंगोलीला शिकवायला जायचंय, हे मी घरी सांगितलं तेव्हा माय कोकरं पाजत होती, आणि कोकरं पाजायच्या वेळी आमच्या घरात माणसाचं बोलणं कुणाला ऐकू जात नसे. दिवसभर घरी कोंडलेली कोकरं आणि रानातून परतलेल्या मेंढ्या एकमेकांना हाका मारायला लागल्या की शेजारच्या टायरवाल्याच्या दुकानातला रेडिओसुद्धा बंद पडल्यासारखा वाटायचा. माय एकेक कोकरू उचलून बरोबर त्याच्या आईपाशी नेऊन सोडायची. चुकून दुसऱ्या मेंढीपाशी सोडलं तर ती लाथ मारायची, म्हणून मला हे काम कधीच पूर्ण मिळालं नाही. माझं काम कोकरू धरून उभं राहायचं. तशीच एक वळवळणारं पिल्लू छातीशी धरून मी ओरडून सांगितलं, की हिंगोलीला कॉलेजच्या पोरांचं संमेलन आहे आणि तिथं आम्ही तिघं कंप्यूटर शिकवणार आहोत. माय म्हणाली, कोण शिकवणार? मी म्हटलं, मी. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, आधी त्याचे मागचे पाय धर, मंग लोकायला शिकव.

आमचं घर वारंगा फाट्यापासून जरा आत, हायवेचे हॉर्न ऐकू येतील एवढ्या अंतरावर. आबा म्हणजे माझे वडील वर्षातले कितीतरी महिने मोठा कळप घेऊन लांब लांब असत. घर, कोकरं, त्यांच्यासाठी मागं ठेवलेल्या मेंढ्या, आजारी मेंढ्या आणि मी, एवढं सगळं मायच्या हाती. घरात कायम तीन वास असायचे. लोकरीचा, चुलीचा आणि येसर मसाल्याच्या आमटीचा. मी बाळापूरच्या कॉलेजात संगणक घेऊन बी.एस्सी. करत होते आणि शेवटचं वर्ष होतं. रोज एसटीनं जायचे, संध्याकाळी कोकरं पाजायच्या आत परतायचे. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, संगीताच्या ओढणीला लोकर चिकटलेली असते. असायचीच. मी झटकून टाकायचे आणि पहिल्या बाकावर बसायचे. आगाऊपणा माझ्यात पहिल्यापासून होता, तो काही कॉलेजात शिकावा लागला नाही.

खरा प्रश्न पुढचा होता. आमच्या तिघांपैकी शबाना आणि मुकुंद, माझे वर्गातले सोबती, दोघंही पुढं शिकायला नांदेडला जाणार हे ठरलेलं होतं. माझं ठरत नव्हतं. आबांना विचारलं की ते म्हणायचे, तुझी माय म्हणंल तसं. मायला विचारलं की ती कोकरांकडं बघायची. मी गेले तर संध्याकाळी दुसरे हात कुठून आणायचे, हे ती बोलून दाखवायची नाही, पण मला दिसायचं. तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती तिनं एकदा स्पष्ट सांगितली. ती म्हणाली, तुझं शिक्षण म्हंजे काय हाय ते मला कळतच न्हाई, न कळणाऱ्या गोष्टीसाठी लेकरू लांब कसं धाडू? म्हणून हिंगोलीचं ऐकल्यावर तिनं स्वतःच तोडगा काढला. मीच येते संगं, म्हणाली. बघते तू काय करती ते, मंग सांगते नांदेडचं. शेजारच्या काकूला एका संध्याकाळपुरती कोकरं सोपवून माय माझा वर्ग बघायला यायची होती, आणि माझं पुढचं सगळं त्या एका वर्गावर येऊन ठेपलं. भीती वाटायला हवी होती. मला उलट पंख फुटल्यासारखं झालं.

आमचे सर त्या दिवशी परीक्षेच्या कामात अडकलेले, म्हणून त्यांनी सगळं आमच्यावर टाकलं होतं. वाटणी अशी झाली: मुकुंद बोलणार, कारण औंढ्याच्या कारकुनाचा मुलगा, शुद्ध बोलायचा आणि त्याला बोलायला आवडायचं. शबाना मशीन सांभाळणार, कारण तिच्या अब्बांचं बाळापूरला रेडिओ-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिला स्क्रू ड्रायव्हरची भीती नव्हती. आणि मी कीबोर्डवर बसून प्रोग्राम टाइप करणार, तोंड न उघडता. आम्ही सी भाषा शिकवणार होतो. तिथल्या मशीनवर सी नसेल म्हणून ते सगळं आम्ही डबाभर फ्लॉप्यांवर भरून घेतलं, सोबत आमचे तयार प्रोग्राम. आजच्या पोरांना फ्लॉपी दाखवली तर ती म्हणतात, हे सेव्हचं चित्र ना? ते चित्र आधी वस्तू होतं बाळांनो, आणि ती वस्तू मोठी नाजूक होती.

आदल्या संध्याकाळी मी तो डबा घरी आणला आणि मायला दाखवला. पत्र्याची झडप सरकवून आतली तपकिरी चकती दाखवली आणि सांगितलं, की आमी महिनाभर जे लिहिलंय ते सगळं हिच्यावर हाय. माय म्हणाली, दुसऱ्या पोरायजवळ बी अशाच असतील? मी म्हटलं, सगळ्यांच्या अशाच काळ्या. मंग मिसळल्या तर, ती म्हणाली. मी म्हटलं, वर नावाचा कागद चिकटवलाय. तिनं तोंड वाकडं केलं. बाजारात, वाटेवर, पाण्यावर कळपात कळप मिसळतात, तेव्हा आपली मेंढरं निवडायचं काम तिनं आयुष्यभर केलेलं होतं. पाठीवर गेरूचा पट्टा सगळेच मारतात, पण चोर आधी पाठीवरची लोकर कातरतो. म्हणून खरी खूण आमच्याकडं कानाच्या आत असायची, दिसणार नाही अशी. हे सगळं ती मला पुन्हा सांगत होती आणि मी अर्धं ऐकत होते, कारण माझं चित्त उद्याच्या ओढणीत होतं. लोकर न चिकटलेली एक तरी ओढणी घरात असेल की नाही, ही माझी मोठी चिंता होती.

सकाळी फाट्यावर पोचलो तेव्हा चहाच्या टपऱ्या पेटल्या होत्या, ट्रकवाले दात घासत उभे होते. मायनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि फडक्यात धपाटे बांधून घेतले होते, एवढे की सगळ्या संमेलनाला पुरावेत. एसटी आली, जागा मिळाली, खिडकी मिळाली. बाळापूरला शबाना आणि मुकुंद चढले. शबानानं चढताचढताच मायला सलाम केला आणि तिच्या शेजारी बसून धपाटा मागून घेतला. मुकुंद मात्र उभ्यानंच हातातल्या कागदावरून पुटपुटत होता, "विद्यार्थी मित्रहो, संगणक ही काळाची गरज आहे." मायनं मला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, हे पोरगं कोणाशी बोलून राहिलं? शबाना इतकी हसली की कंडक्टर मागं वळून बघायला लागला. कळमनुरी येईपर्यंत मुकुंदनंही कागद खिशात घातला आणि धपाट्यांवर आला. सोवळ्याओवळ्याच्या घरातला तो मुलगा, पण मायच्या हातचा ठेचा खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तरी तो थांबत नव्हता. आम्ही तिघं एवढे मोठ्यानं बोलत होतो की पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, लग्नाला चाललात व्हय? शबाना म्हणाली, "उससे बढ़के है चाचा."

हिंगोली जिल्हा नुकताच झालेला होता, म्हणून सगळ्या गोष्टींना जिल्हास्तरीय म्हणायची हौस होती. कॉलेजच्या फाटकावर जिल्हास्तरीय रांगोळी होती. मांडवात वसमत, सेनगाव, औंढा, जवळा बाजार अशा गावांहून आलेली पोरंपोरी पोह्याच्या ताटल्या घेऊन फिरत होती. एका फळ्यावर खडूनं कार्यक्रम लिहिला होता आणि त्यात आमची तिघांची नावं, पुढं 'तज्ज्ञ मार्गदर्शक'. मी ते वाचून पुढं गेले आणि काहीतरी विसरल्याचं निमित्त करून परत येऊन पुन्हा वाचलं. त्यानंतर माझं नाव बऱ्याच ठिकाणी छापून आलं, पण तेवढा आनंद खडूच्या त्या अक्षरांनीच दिला. 

संगणकाची खोली वरच्या मजल्यावर. बाहेर चपलांचा ढीग, आत जुनी मशीनं, एकेका पडद्यासमोर चारचार डोकी. माय दाराजवळच्या बाकावर, पदर सावरून, पाठ ताठ ठेवून बसली. मुकुंदनं काळाची गरज सांगायला सुरुवात केली आणि शबानानं पहिली फ्लॉपी आत सरकवली. मशीन खरखरलं. पीठ दळताना जात्यात खडा आल्यावर होतं तसा आवाज. मग काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ आली, जिचा अर्थ साधारण असा, की सोडून देता, पुन्हा करता, की नापास होता? शबानानं पुन्हा केलं. पुन्हा खरखर. दुसऱ्या मशीनवर दुसरी फ्लॉपी, तीच गत. पोरं कुजबुजायला लागली. शबानानं फ्लॉपी बाहेर काढली, पत्र्याची झडप सरकवली आणि तशीच थबकली.

चकतीवर लाल ठिपका होता. बोटाच्या टोकाएवढा, तेलकट, मधोमध. दुसरीवर तसाच. डब्यातल्या प्रत्येक फ्लॉपीवर, झडपेच्या आत, बरोबर त्याच जागी. करडईच्या तेलाचा वास आला आणि मला सगळं समजलं. मायनं आमच्या फ्लॉप्यांना खूण केली होती. वर नाही, वरची कुणीही खरवडून काढील. आत, जिथं चोराचा हात जात नाही तिथं, गेरू तेलात कालवून. मला तिचा असा संताप आला, की तिथंच फ्लॉपी फेकून तिला विचारावं, काहून केलंस हे? मी वळून पाहिलं तर माय हसत होती. शबानाच्या हातातला लाल ठिपका तिला लांबूनही दिसला होता आणि तिला वाटत होतं, की कुणाची फ्लॉपी यावरून काही वाद झाला असावा आणि आता तिची खूण कामाला येणार. ते हसू पाहून माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. त्याच्या जागी काहीतरी फार वाईट आलं.

तेवढ्यात तिथले सर आले. त्यांनी फ्लॉपी हातात घेतली, वास घेतला आणि सगळ्यांदेखत विचारलं, हे कोणत्या अडाणी माणसानं केलं?  शबाना माझ्याकडं बघत होती. मग तिची नजर दाराजवळच्या बाकाकडं गेली आणि एका क्षणात तिला सगळं समजलं. "सर, हमारेच हाथ से हुआ," ती म्हणाली. "दुकान में रंग का काम चल रहा था." इतकं सफाईनं, की मलाही ते खरं वाटलं. सर काहीतरी बडबडले. पण 'अडाणी' हा शब्द दारापर्यंत पोचला होता. मायचं हसू हळूहळू मावळलं. तिनं मान खाली घातली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली.

सरांनी सुचवलं, की वर्ग रद्द करावा आणि पोरांना खाली वक्तृत्वाला पाठवावं. मुकुंद तयारच होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला, कारण त्याच्या कागदावर सीशिवाय काही नव्हतं. मागची पोरं चपला शोधायला उठली. मला समोर दोन गोष्टी दिसत होत्या. उठणारी पोरं, आणि न उठलेली माय. ही आता घरी काय घेऊन जाणार? तज्ज्ञ मार्गदर्शक पोरगी आणि खरखरणारं मशीन. मी सरांना विचारलं, मशीनवर बेसिक आहे का? बेसिक म्हणजे आम्ही पहिल्या वर्षी शिकलेली भाषा, आणि तिसऱ्या वर्षाच्या तोऱ्यात तिला आम्ही बालवाडी म्हणायचो. सर म्हणाले, असेल, कोण वापरतं ते? शबानानं टाइप केलं. निळा पडदा उघडला, कोरा, काही मागत नसलेला. मी कीबोर्ड सोडला, खडू घेतला आणि फळ्यापाशी गेले.

मी काय बोलणार हे ठरवलेलं नव्हतं, म्हणून तोंडातून घरचीच भाषा आली. "बसा खाली," मी म्हटलं. "ह्ये मशीन आता तुमाला तुमचं नाव इचारंल." पोरं हसली. हसली तशी बसलीही. मी फळ्यावर ओळ लिहिली, त्यांनी पडद्यावर उतरवली आणि मशीननं खरंच नाव विचारलं. जवळ्याच्या एका पोरीनं आपलं नाव टाकलं, मशीननं तिला नमस्कार केला, आणि ती खुर्चीतून अर्धी उठली. पुढच्या ओळीत माझीच चूक झाली, अवतरणचिन्ह राहिलं आणि सगळ्या पडद्यांवर एकदम तक्रार उमटली. आणलेले तयार प्रोग्राम चालले असते तर ही चूक झालीच नसती आणि पुढची मजाही झाली नसती, कारण तीच पोरगी म्हणाली, ताई, तुमचं एक टोक राह्यलं. मग पोरांना चुका शोधायचा नादच लागला. मी मुद्दाम चुका करायला लागले. मुकुंदलाही कंठ फुटला. तो शुद्ध मराठीत आणि मी घरच्या, असं आम्ही एकाआड एक बोलायला लागलो, शबाना एका मशीनकडून दुसऱ्याकडं पळत होती.

मग सेनगावच्या एका मुलानं विचारलं, आमच्या सगळ्यांची नावं मशीन अक्षरांच्या क्रमानं ओळीनं लावून देईल का? देईल, मी म्हटलं, पण त्यासाठी दोन नावांची अदलाबदल करता आली पाहिजे, आणि तिथं गोम आहे. पहिल्याच्या जागी दुसरं ठेवलं की पहिलं पुसलं जातं.  मी म्हटलं, समजा दोन वाघुरी हायेत. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं, हे तिथं कुणाला सांगावं लागलं नाही. एकीत आमची मेंढरं, दुसरीत चुलत्याची. जागा बदलायची, पण मेंढरं मिसळू द्यायची न्हाईत. काय कराल? तीनचार जणांनी एकदमच सांगितलं, तिसरी वाघूर लावायची. झालं. आम्ही त्या तिसऱ्या जागेचं नाव मशीनमध्येही वाघूरच ठेवलं, इंग्रजी अक्षरांत. नावं ओळीनं लागली तेव्हा खोलीत असा गलका झाला, की खालची वक्तृत्वाची पोरं जिन्यात येऊन उभी राहिली. जेवणाची घंटा झाली तरी कुणी उठेना. सरांनी तो प्रोग्राम माझ्याकडून कागदावर लिहून घेतला. मी माझ्या आयुष्यात पुढं बरंच शिकवलं, मोठ्या सभागृहांत, माइकवर, पण त्या दिवसाची नशा वेगळीच होती. माझे हात खडूनं माखले होते आणि मला ते धुवावेसे वाटत नव्हते.

परतीच्या एसटीत शबाना गात होती. मुकुंद पोरांनी विचारलेले प्रश्न पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू आम्ही तिथं नव्हतोच. माय धपाट्यांचं रिकामं फडकं मांडीवर घेऊन त्याच्या घड्या घालत होती. बाळापूरला दोघं उतरले, शबानानं खाली उभं राहून खिडकीतून मायचा हात दाबला, आणि आम्ही दोघीच फाट्यावर आलो. दिवस मावळत होता. घराकडं वळायच्या आधी माय एका हॉटेलपाशी थांबली, हे तिनं आधी कधी केलं नव्हतं. आम्ही बाकड्यावर बसलो, भजी आली, चहा आला. तिनं भज्यांना हात लावला नाही.

"संगे, खरं सांग," ती म्हणाली. "माझ्या खुणीनंच बिघडलं नं ते?"

खोटं बोलता आलं असतं. सकाळी शबाना किती छान बोलली होती. पण माय माझ्याकडं सरळ बघत होती आणि ती दिवसभर याच प्रश्नाशी बसून होती हे मला दिसत होतं. "व्हय," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली.  मला वाटलं, रडेल. मला तिचा हात धरायचा होता, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती.

"तो मास्तर सगळ्या पोरायला घरी पाठवून राहिला व्हता," ती म्हणाली. "म्हंजे सगळं गेलंच व्हतं. अन् तरी बी तू उठून उभी राह्यली. ते वाघुरीचं तर मला बी कळलं." मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या हातानं बिघडवलं, तरी तुझं अडलं न्हाई. मंग आता तुला कोण अडवणार हाय? जाय नांदेडला. कोकरायचं मी बघते."

  मी आपली खडूच्या हातांनीच भजी खात राहिले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मायनं मला रडू दिलं. ती उठली, हॉटेलवाल्यापाशी गेली आणि घरासाठी भजी बांधायला सांगितली. तो कागदात भजी गुंडाळत असताना ती त्याला म्हणाली, "ही माझी पोरगी. नांदेडला चालली शिकायला." आबा तेव्हा कळप घेऊन लांब होते, त्यांना हे कळायला अजून बरेच दिवस जायचे होते. सगळ्यांच्या आधी ती बातमी मायनं त्या अनोळखी भजीवाल्याला दिली, आणि त्यानं काही विचारलं नसतानाही पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, सांगितली.